शरीफ अल-इद्रीसी : परक्या दरबारातील प्रामाणिक लेखणी



बेटावर राहणाऱ्या माणसाला शेजारी बदलता येत नाही. चहूबाजूंनी समुद्र, जमीन मोजकी, बाजार एक आणि बंदरही एकच. अशा ठिकाणी दोन धर्मांचे लोक एकत्र आले, तर त्यांना एकमेकांशी वागण्याची काहीतरी रीत शोधावीच लागते. भूमध्य समुद्रातील सिसिली हे असेच एक बेट. अरबी ग्रंथांत त्याला सिकिल्लिया म्हटले आहे. या बेटावर आपले आयुष्य वेचणाऱ्या एका थोर मुस्लिम विद्वानाचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. त्यांचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद अल-इद्रीसी. हजरत हसन (रजि.) यांच्या वंशातील म्हणून लोक त्यांना शरीफ म्हणत.

त्यांची गोष्ट समजण्यासाठी आधी बेटाची गोष्ट समजली पाहिजे. इ.स. ८२७ मध्ये मुस्लिम सैन्य सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि ८३१ मध्ये पालेर्मो शहर त्यांच्या हाती आले. पुढे सुमारे दोन शतके हे बेट इस्लामी जगाचा भाग होते. मशिदी उभ्या राहिल्या, पाटबंधारे झाले, लिंबू-संत्र्यांच्या बागा फुलल्या. त्याच काळात बेटावर ग्रीक भाषा बोलणारे ख्रिस्ती लोकही जिझिया देऊन आपला धर्म पाळत राहत होते. नंतर मुस्लिम सरदार आपापसांत भांडू लागले. त्या भांडणात उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन ख्रिस्ती योद्ध्यांना वाट मिळाली. १०७२ मध्ये पालेर्मो गेले आणि १०९१ पर्यंत सारे बेट गेले. काल जिझिया घेणारे आज जिझिया देऊ लागले. इतिहासाचे चाक असे फिरते, आणि ते फिरते तेव्हाच माणसाच्या ईमानाची व अखलाकाची खरी परीक्षा होते.

अल-इद्रीसी यांचा जन्म सुमारे इ.स. ११०० मध्ये मोरोक्कोच्या उत्तर टोकावरील सब्ता शहरात झाला. त्यांच्या घराण्याने एके काळी अंदलुसमधील मालगा येथे राज्य केले होते. ते राज्य गेले, पण विद्येची आवड घरात टिकली. तरुण इद्रीसी कुर्तुबा येथे शिकले. त्यांना प्रवासाची ओढ फार. अंदलुस आणि उत्तर आफ्रिका त्यांनी पालथे घातलेच, पण हिजरी ५१० मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, ते आजच्या तुर्कस्तानात पोहोचले. तेथे अस्हाबे कहफची म्हणून दाखवली जाणारी गुहा आपण स्वतः पाहिल्याची नोंद त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात केली.

सुमारे ११३८ मध्ये सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याने त्यांना आपल्या दरबारी बोलावले. हा राजा मोठा विलक्षण होता. तो ख्रिस्ती होता आणि चर्चचे संरक्षण करीत असे, पण त्याच्या नाण्यांवर अरबी अक्षरे होती आणि त्याने अल-मुअतज्ज बिल्लाह असा अरबी लकबही धारण केला होता. त्याच्या राजवस्त्रावर कूफी लिपीत हिजरी ५२८ हे साल भरतकामाने काढलेले आहे, आणि ते वस्त्र आजही पाहायला मिळते. त्याचा दिवाण अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांत चाले. त्याच्या राजवाड्यातील प्रार्थनागृहाचे लाकडी छत मुस्लिम कारागिरांच्या शैलीत सजले आणि त्यावर अरबी लेख रंगवले गेले. ११४९ च्या सुमारास पालेर्मोतील एका ख्रिस्ती पाद्र्याने आपल्या आईच्या कबरीवर लेख बसवला. तो लॅटिन, ग्रीक आणि अरबी भाषेत आहे, शिवाय तीच अरबी हिब्रू लिपीतही लिहिलेली आहे. त्यातील अरबी मजकुरात हिजरी साल दिलेले आहे. मुलाने आईचे दुःख शेजाऱ्याच्या भाषेतही नोंदवले, यावरून त्या बेटावरचे शेजार किती जवळचे होते हे आपल्या लक्षात येईल.

चौदाव्या शतकातील चरित्रकार अस-सफदी सांगतात की, रॉजरने इद्रीसींना राहण्याचा आग्रह केला तो त्यांच्या जिवाच्या काळजीने. राजघराण्यातील माणूस मुस्लिम सुलतानांच्या राज्यात राहिला तर ते त्याला आपला स्पर्धक समजून मारतील, माझ्याकडे राहिलास तर निर्धास्त राहशील, असा त्याचा आशय होता. येथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल की, एका आलिमाने ख्रिस्ती राजाची चाकरी करावी काय? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला असावा. अनेक जुन्या मुस्लिम चरित्रकोशांत एवढ्या मोठ्या विद्वानाबद्दल फारच थोडे सापडते. त्या मौनाचे कारण हीच चाकरी असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

या प्रश्नाचे उत्तर इद्रीसींच्या कामात शोधावे लागते. राजाला जगाचा खरा नकाशा हवा होता. जुने ग्रंथ वाचले तर त्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. तेव्हा देशोदेशीच्या प्रवाशांना, व्यापाऱ्यांना आणि नावाड्यांना बोलावून विचारणा सुरू झाली. त्यांना एकेकटे विचारावे, मग एकत्र बसवून विचारावे. ज्यावर सर्वांचे एकमत होईल ते नोंदवावे आणि ज्यावर मतभेद होईल ते बाजूला ठेवावे. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले. ज्याने मदरशात हदीसशास्त्राचे दोन धडे गिरवले असतील, त्याला ही रीत परिचित वाटेल. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, दुसऱ्या वाटेने तीच बातमी येते की नाही, ही पारख आपल्या मुहद्दिसांनी शिकवली. रावी ख्रिस्ती आहे की मुस्लिम, यावर नकाशातील नदीची वाट ठरत नाही. ती ठरते त्याच्या खरेपणावर.

मग चांदीचा एक प्रचंड गोल तक्ता घडवला गेला आणि त्यावर सात इकलीम, समुद्र, नद्या, शहरे व वाटा कोरल्या गेल्या. अस-सफदींच्या कथनानुसार राजाने दिलेल्या चांदीपैकी सुमारे एक तृतीयांशच कामात लागली आणि उरलेली राजाने इद्रीसींना बक्षीस दिली. तक्त्याबरोबर ग्रंथही तयार झाला. 'नुझहतुल मुश्ताक' हे त्याचे नाव, म्हणजे जग फिरण्याची ओढ असलेल्याची सैर. प्रत्येक इकलीमचे दहा भाग पाडून सत्तर भागांत त्यांनी तेव्हा ठाऊक असलेली सारी पृथ्वी वर्णिली. त्यांच्या नकाशांत दक्षिण दिशा वर आहे.

आपल्यासाठी त्यात एक आपुलकीची गोष्ट आहे. इद्रीसी हिंदुस्थानात कधी आले नव्हते. तरी व्यापाऱ्यांच्या आणि जुन्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी आपल्या कोकण किनाऱ्यावरील ठाणे, सोपारा आणि चौल या बंदरांची नोंद केली आहे. ठाण्याच्या डोंगरांतील बांबू आणि त्यापासून मिळणारे वंशलोचन त्यांना ऐकून ठाऊक होते. हिंदुस्थानातील लोक न्यायप्रिय व वचनाला जागणारे आहेत आणि मुस्लिम व्यापाऱ्यांचा येथे आदर होतो, असेही त्यांनी लिहून ठेवले. हजारो मैल दूर एका ख्रिस्ती राजाच्या राजधानीत बसून एका सय्यदाने आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष दिली. ज्यांना त्याने पाहिले नव्हते, त्यांच्याबाबतही तो न्यायाने बोलला.

हाच न्याय त्यांनी बैतुल मुकद्दसबाबत राखला. त्या वेळी ते शहर क्रूसेडी सैन्याच्या ताब्यात होते. इद्रीसींनी तेथील ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या चर्चचे वर्णन बारकाईने आणि द्वेषाशिवाय केले. आणि मस्जिदे अक्सात आता टेंपलर योद्ध्यांनी निवास केला आहे, हे सत्यही त्यांनी ख्रिस्ती राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात नोंदवले. प्रस्तावनेत त्यांनी रॉजरची स्तुती केली आहे आणि ती भरपूर आहे, हे मान्य केले पाहिजे. दरबारी ग्रंथांची ती रीतच होती. पण ग्रंथाच्या आत त्यांची मोजपट्टी बदलली नाही.

दरबारात धर्मावरही संवाद होई. इतिहासकार इब्नुल असीर एक प्रसंग सांगतात. रॉजरच्या दरबारी एक मुस्लिम आलिम होते. राजा त्यांना पाद्र्यांपेक्षाही अधिक मान देई, इतका की लोक राजालाच छुपा मुसलमान म्हणू लागले. एकदा राजाच्या सैन्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विजय मिळाला, तेव्हा तुमचे पैगंबर त्या वेळी कोठे होते, असे राजाने त्यांना चिडवून विचारले. आलिम शांतपणे म्हणाले की, ते रुहा शहराच्या विजयाला गेले होते, ते शहर मुस्लिमांनी नुकतेच घेतले आहे. दरबारी हसले. राजाने त्यांना गप्प केले, कारण हा माणूस खोटे बोलत नाही हे तो जाणत होता. काही दिवसांनी तशीच बातमी आली. या कथेतील करामतीपेक्षा राजाचा विश्वास अधिक विचार करण्यासारखा आहे. धर्म वेगळा असलेल्या माणसानेही ज्याच्या सत्यवचनाची हमी द्यावी, तो खरा दाई.

मात्र हे चित्र येथेच थांबवले तर तो इतिहासावर अन्याय होईल. याच रॉजरचा एक विश्वासू आरमारप्रमुख होता, महदियाचा फिलिप. तो राजवाड्यात ख्रिस्ती म्हणून वाढला होता. ११५३ मध्ये त्याने आफ्रिकेतील बूना शहर जिंकले आणि तेथील आलिमांना व नेक लोकांना कुटुंबासह सुखरूप जाऊ दिले. परतल्यावर त्याच्यावर आरोप आला की, तो मनातून मुसलमान आहे. हिजरी ५४८ च्या रमजान महिन्यात त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच वर्षीच्या शव्वाल महिन्यात, म्हणजे जानेवारी ११५४ मध्ये, इद्रीसींचा ग्रंथ पूर्ण झाला. एकाच दरबारात एका महिन्यात चिता पेटली आणि दुसऱ्या महिन्यात ग्रंथ अर्पण झाला. त्या शव्वालमध्ये इद्रीसींच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आपण करावा. जी सुरक्षितता एका माणसाच्या मर्जीवर टिकते, ती मर्जी फिरताच संपते.

फेब्रुवारी ११५४ मध्ये रॉजर वारला. ११६१ मध्ये त्याच्या मुलाविरुद्ध बंड झाले, राजवाडा लुटला गेला आणि पालेर्मोतील कितीतरी निरपराध मुस्लिम मारले गेले. चांदीच्या त्या तक्त्याचा पुढे मागमूस उरला नाही. इद्रीसींचे निधन सुमारे ११६५ मध्ये झाले.

त्यांच्यानंतर वीस वर्षांनी प्रवासी इब्ने जुबैर हजहून परतताना सिसिलीच्या किनाऱ्यावर गलबत फुटून अडकले. तेव्हा तेथील ख्रिस्ती राजाने गरीब मुस्लिम प्रवाशांसाठी स्वतःच्या पैशांतून मदत देवविली. पालेर्मोत त्यांनी अजान ऐकली, मशिदी आणि काझी पाहिले. पण जुम्याच्या खुत्ब्याला परवानगी नव्हती. घरात वडील रागावले की मुलगा चर्चकडे पळून जाईल, या धास्तीत मुस्लिम कुटुंबे जगत होती, हेही त्यांनी पाहिले. पुढे ११८९ नंतर मुस्लिमांवर हल्ले झाले, ते डोंगरांत पळाले, मग त्यांना इटलीतील लुचेरा येथे हलवण्यात आले आणि १३०० मध्ये तीही वस्ती उद्ध्वस्त झाली.

तर मग इद्रीसींच्या आयुष्याचे फलित काय? तक्ता गेला, पण ग्रंथ राहिला. १५९२ मध्ये रोम येथे त्याचा अरबी संक्षेप छापला गेला आणि १६१९ मध्ये पॅरिसला लॅटिन भाषांतर निघाले. गंमत अशी की, त्यांचे नावही तोवर विसरले गेले होते आणि भाषांतरकारांनी लेखक नूबिया देशाचा आहे असे समजून घेतले. नाव गेले, तरी इल्म लोकांच्या उपयोगी पडत राहिले.

प्रिय वाचकहो, आपला दीन आपल्याला दोन्ही गोष्टी शिकवतो. जे आपल्याशी धर्मासाठी लढत नाहीत व आपल्याला घराबाहेर काढत नाहीत, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्याची मुभा सूरह मुम्तहनात आहे. किताबवाल्यांशी उत्तम रीतीनेच संवाद करण्याची ताकीद सूरह अनकबूतमध्ये आहे. मक्केतील छळाला कंटाळलेल्या सहाबांना हब्शाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने आश्रय दिला, आणि नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषित (स.) यांनी मदीनेत मशिदीत उतरवून घेतले. शेजारधर्माचा हा आपला वारसा आहे. पण न्याय सर्वांसाठी हवा आणि तो कायद्याने पक्का हवा, कोणाच्या कृपेवर लटकलेला नको, हे फिलिपची चिता सांगते. आपल्या देशात संविधानाने हा हक्क सर्व नागरिकांना दिला आहे. त्याची कदर करणे आणि तो आपल्याप्रमाणेच इतरांनाही मिळावा यासाठी झटणे, हे आपले काम आहे.

आपल्या मुलांना इद्रीसींची ओळख करून द्या. नकाशात सिसिली दाखवा, मग ठाणे आणि चौल दाखवा. आणि सांगा की, कोणाच्याही कचेरीत, कोणाच्याही शेजारात काम करताना मोजमाप खरे ठेवावे, आपली नमाज आपली ठेवावी आणि दुसऱ्याच्या चांगुलपणाची साक्ष द्यायला कचरू नये.

अल्लाह तआला शरीफ अल-इद्रीसी यांच्यावर रहम करो, त्या बेटावर मारल्या गेलेल्या निरपराधांवर रहम करो आणि आपल्याला न्यायाने बोलणारी जबान देवो. आमीन.