वादळाची वर्दी देणारा दर्यावर्दी

चार्ल्स डार्विनला जगप्रवास घडविणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान, एवढीच रॉबर्ट फिट्झरॉयची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. ती खरी असली तरी अपुरी आहे. हवामानाचा जो अंदाज लोक रोज सहजपणे वाचतात व अनेकदा थट्टेवारी नेतात, त्याचा सरकारी पातळीवर प्रारंभ करणारा माणूस हाच होय. आणि त्या थट्टेचा पहिला बळीही बहुधा तोच.

फिट्झरॉयचा जन्म १८०५ साली इंग्लंडमधील एका उमराव घराण्यात झाला. बाराव्या वर्षी तो पोर्टस्मथच्या नाविक विद्यालयात दाखल झाला व अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याच्याकडे ‘बीगल’चे आधिपत्य आले. जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील माल्दोनादोजवळ एका आकस्मिक वादळाने जहाजाच्या डोलकाठ्या मोडल्या आणि दोन खलाशी समुद्रात नाहीसे झाले. वायुभारमापकातील पारा आधीच उतरत होता. त्या सूचनेकडे लक्ष दिले गेले नव्हते. हा धडा त्याने जन्मभर जपला. पुढे १८४३ ते १८४५ या काळात तो न्यूझीलंडचा गव्हर्नर होता. जमिनीच्या तंट्यांत माओरी लोकांची बाजूही विचारात घेतल्यामुळे गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष त्याने ओढवून घेतला व त्याला परत बोलाविण्यात आले.

१८५४ साली ब्रिटिश व्यापार मंडळाने हवामानविषयक नवे खाते काढून त्याची सूत्रे फिट्झरॉयकडे दिली. जहाजांकडून निरीक्षणे गोळा करून त्यांची कोष्टके बनविणे, एवढेच त्या खात्याचे काम होते. परंतु २६ ऑक्टोबर १८५९ रोजी मेलबर्नहून सोन्याच्या खाणीतील कामगारांना घेऊन लिव्हरपूलकडे निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटले. सुमारे ४५० माणसे घराच्या उंबरठ्याशी येऊन बुडाली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर एकूण १३३ जहाजे नष्ट झाली.

या वादळाच्या नोंदी फिट्झरॉयने एकत्र मांडल्या, तेव्हा त्याला एक सुसंगत चित्र दिसले. ध्रुवाकडून येणारी थंड, कोरडी हवा आणि उष्ण प्रदेशाकडून येणारी दमट हवा जेथे शेजारी येतात तेथेच ही आवर्ते उद्भवतात, असे त्याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. आजच्या ज्ञानानुसारही त्याचा रोख बरोबर होता. दोन्ही हवांच्या सीमापृष्ठावर लाट उठते. हलकी उष्ण हवा जड थंड हवेवर चढते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनताना उष्णता बाहेर पडते व मध्यभागी दाब घटत जातो. उत्तर गोलार्धात वारे या मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात आणि ते सारे चक्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. याची शास्त्रशुद्ध मांडणी मात्र पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथे याकोब ब्यर्कनेस व त्याच्या सहकाऱ्यांनी केली.

वादळ सरकते, पण तारायंत्राचा संदेश त्याहून वेगाने धावतो. फिट्झरॉयची सारी योजना या साध्या गोष्टीवर उभी होती. ठिकठिकाणच्या केंद्रांतून रोज सकाळी लंडनला तारा येऊ लागल्या. फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाची आगाऊ वर्दी मिळू लागली. टोक वर केलेला शंकू डोलकाठीवर चढला की उत्तरेकडचे वादळ, टोक खाली असले की दक्षिणेकडचे. निरक्षर कोळ्यालाही हे कळत असे. आपल्याकडच्या बंदरांवर चढणारा धोक्याचा बावटाही त्याच परंपरेतला. ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दैनिक अंदाजही छापून येऊ लागले.

येथूनच त्याच्या मनस्तापाला सुरुवात झाली. अंदाज चुकला की वृत्तपत्रे खिल्ली उडवीत. वर्दीमुळे नावा बंदरात अडकल्या की मालक नुकसानीची तक्रार करीत. वैज्ञानिकांना ही घाई अशास्त्रीय वाटे. टळलेल्या अपघाताची नोंद कोठेच होत नाही, हे या कामाचे मूळ दुर्दैव होय. सार्वजनिक कार्यात स्वतःची संपत्ती खर्ची पडलेली, प्रकृती ढासळलेली, अशा अवस्थेत ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयने आत्महत्या केली.

त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस गॉल्टनच्या समितीने त्याच्या पद्धतीवर प्रतिकूल अहवाल दिला व १८६६ अखेर अंदाज आणि वर्दी दोन्ही बंद झाली. पण दर्यावर जाणाऱ्यांना त्यांची किंमत पटलेली होती. त्यांच्याकडून मागणी झाल्यामुळे वर्षभरातच वर्दी पुन्हा सुरू करावी लागली. दैनिक अंदाज मात्र १८७९ पर्यंत थांबले. २००२ साली ब्रिटिश हवामान खात्याने एका सागरी विभागाला त्याचे नाव दिले.

संपूर्ण ज्ञान हाती येईपर्यंत गप्प बसणे विद्वानाला परवडते. ज्याच्या शब्दावर नावाड्यांचे प्राण अवलंबून आहेत त्याला ते परवडत नाही. चुकण्याची जोखीम पत्करून वेळेवर बोलणे हे फिट्झरॉयने आपले कर्तव्य मानले. चुकलेल्या अंदाजावर हसताना, न दिलेल्या इशाऱ्याची किंमत काय असते, याचेही स्मरण समाजाने ठेवावे.