वनांचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ

भारतात परिस्थितिकीचा, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांच्या शास्त्राचा, पाया घालणाऱ्यांत डॉ. रामदेव मिश्र यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०८ रोजी झाला. उच्च संशोधनासाठी ते इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात गेले. सरोवरांच्या तळाचा गाळ आणि त्यात वाढणाऱ्या पाणवनस्पती यांचा संबंध त्यांनी प्रा. पिअरसॉल यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासला व १९३७ साली डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर, सागर विद्यापीठातील काही वर्षे वगळता, वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली. त्या काळी या विषयाच्या पुस्तकांतील अरण्ये बहुधा थंड प्रदेशांतील असत. आपल्याकडे पाऊस तीन-चार महिन्यांत पडून जातो आणि उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण होतात. अशा वनांना परदेशी मोजमापे कशी लागू पडावीत?

उत्तर शोधण्यासाठी मिश्र व त्यांचे विद्यार्थी वाराणसीच्या दक्षिणेकडील विंध्य पठारावर गेले. चकियाच्या वनात साल, ऐन, टेंभुर्णी, चारोळी असे वृक्ष होते. अशा वनाचा हिशेब मांडायचा, तर खोडांचे घेर मोजावे लागतात, नमुन्याची झाडे तोडून, वाळवून त्यांचे वजन करावे लागते, गळालेला पालापाचोळा गोळा करून तोलावा लागतो. काम कष्टाचे आणि वेळखाऊ. पण वन वर्षाकाठी किती कमावते हे त्यावाचून कळत नाही.

या कमाईचा मोठा वाटा जमिनीला परत मिळतो. उन्हाळ्यापूर्वी गळालेली पाने पावसाळ्यात कुजतात आणि त्यांतील पोषकद्रव्ये मुळे पुन्हा शोषून घेतात. हे चक्र चालू राहिले, तर एखादे कोरडे वर्षही वन सोसते. एकदा तोड झाली आणि पुरेशी विश्रांती मिळाली, तर खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात. मात्र वन सावरण्याआधीच कुऱ्हाड, गुरे आणि वणवा पुन्हा आले, तर चक्र खंडित होते. पाचोळा जळून नत्र हवेत जाते, राख पहिल्या पावसात वाहून जाते. उंच वृक्षांच्या जागी काटेरी झुडपे येतात आणि पुढे केवळ गवत उरते.

भारतातील गवताळ प्रदेश अशाच ऱ्हासातून निर्माण झाले, असे मिश्र मानत. पुढील संशोधनाने मात्र दख्खनमधील काही माळराने फार प्राचीन असल्याचे दाखवले आहे. त्यामुळे प्रत्येक माळरान म्हणजे उजाड झालेले वन, असे आता म्हणता येत नाही.

मिश्र यांनी भारतातील परिस्थितिकीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. क्षेत्रात आणि प्रयोगशाळेत मोजमाप कसे करावे, हे सांगणारे त्यांचे ‘इकॉलॉजी वर्कबुक’ १९६८ साली प्रसिद्ध झाले. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

भारत सरकारने १९७२ साली पर्यावरण नियोजन व समन्वयासाठी राष्ट्रीय समिती नेमली, त्यामागे मिश्र यांचे प्रयत्न होते. त्याच वाटेने पुढे १९८५ साली पर्यावरण व वन मंत्रालय अस्तित्वात आले. २५ जून १९९८ रोजी मिश्र यांचे निधन झाले. विंध्य पठारावरील वनांचे मोजमाप त्यांच्या शिष्यांनी पुढेही चालू ठेवले.