अ‍ॅलिसवाल्या मास्तरांचं लॉजिक

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना बोल लावू नका, त्यांनी जमेल तेवढं तपासलंय.

लुईस कॅरॉल हे नाव मला पाचवीपासून माहीत होतं. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' आम्हाला रॅपिड रीडरला होतं. पण हा माणूस गणिताचा मास्तर होता आणि त्याने लॉजिकवर पुस्तकं लिहिली, हे कळायला मला थर्ड इयरला एका कंपनीच्या अ‍ॅप्टीत आपटावं लागलं.

झालं असं. 40 मिनिटं, 50 प्रश्न आणि सगळी भेळ. सिलॉजिझम, कोडिंग-डिकोडिंग, ब्लड रिलेशन, दिशा, सीटिंग अरेंजमेंट, एकाखाली एक कसलेही. तिसऱ्याच प्रश्नात आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली ती माझ्याकडून काही उठेनात. घड्याळ पाहिलं तेव्हा 13 मिनिटं गेली होती! शेवटची सिलॉजिझम, जी मला डोळे मिटून येतात, ती मी वाचलीसुद्धा नाहीत. कट-ऑफ दोन मार्कांनी हुकला. रूमवर येऊन रडले, त्यात लपवण्यासारखं काय? मग लायब्ररीत रिझनिंगची पुस्तकं धुंडाळताना कॅरॉलचं 'सिम्बॉलिक लॉजिक' हाती लागलं.

त्याचं खरं नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. जन्म 27 जानेवारी 1832, इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या डेअर्सबरी गावी. वडील चर्चमध्ये पाद्री. एकूण अकरा भावंडं, त्यात हा तिसरा आणि मुलग्यांत थोरला. बोलताना अडखळायचा, ते आयुष्यभर राहिलं. लहानपणी घरच्यांसाठी हाताने लिहिलेली मासिकं काढायचा. लेखक, संपादक, चित्रकार, बरंचसं स्वतःच. (आपल्या मासिकाची अवस्था याहून फार वेगळी नाही!) पुढे रग्बी स्कूलमध्ये तीन नकोशी वर्षं काढली आणि जानेवारी 1851 मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात आला. येऊन दोनच दिवस झाले होते, तोवर आई गेल्याची बातमी आली.

मला सगळ्यात जास्त धीर कशाने आला सांगू? त्याच्या रिझल्टने. 1854 च्या शेवटच्या परीक्षेत गणितात फर्स्ट क्लास, यादीत सगळ्यांच्या वर. आणि त्याच वर्षी तत्त्वज्ञान-इतिहासाच्या पेपरांत थर्ड क्लास! पुढच्या वर्षी एक मोठी स्कॉलरशिप हुकली. मन लावून अभ्यास झाला नाही हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं. म्हणजे डोकं तेच, खुर्ची तीच, पण एका जातीचा प्रश्न आला की पहिला नंबर आणि दुसऱ्या जातीचा आला की थर्ड क्लास. तर मग आपण कोण!

1855 पासून 1881 पर्यंत तो क्राइस्ट चर्चमध्ये गणित शिकवत होता. लेक्चर्स कंटाळवाणी असायची म्हणतात. 4 जुलै 1862 ला होडीतून जाताना डीनच्या तीन मुलींना सांगितलेली गोष्ट 1865 मध्ये 'अ‍ॅलिस' म्हणून छापली गेली. ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते.

1886 मध्ये त्याने 'द गेम ऑफ लॉजिक' काढलं. पुस्तकाबरोबर एक पुठ्ठा आणि नऊ सोंगट्या, चार लाल आणि पाच करड्या. पुठ्ठ्यावर चौकोनाचे कप्पे. कप्प्यात काहीतरी आहे हे कळलं की लाल सोंगटी, रिकामा आहे हे कळलं की करडी. आपण व्हेन डायग्रामची वर्तुळं काढतो, पण वर्तुळाच्या बाहेर जे उरतं त्याला व्हेनने हद्द घातली नव्हती. कॅरॉलने बाहेर चौकोन घातला, म्हणजे 'यातलं काहीच नाही' यालासुद्धा स्वतःचा कप्पा मिळाला. हा खेळ त्याने ऑक्सफर्डच्या मुलींच्या शाळेत आणि लेडी मार्गारेट हॉलमध्ये जाऊन शिकवला. तेव्हा ऑक्सफर्ड मुलींना डिग्री देत नव्हतं, ती 1920 पासून द्यायला लागले. डिग्री मिळणार नसताना सोंगट्या मांडून लॉजिक शिकणाऱ्या त्या मुली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

'सिम्बॉलिक लॉजिक'चा पहिला भाग 1896 चा. त्यात वाक्यांच्या साखळ्या आहेत, मुद्दाम उलटसुलट क्रमाने दिलेल्या. वाक्यं इतकी वेडगळ की अर्थाचा आधार घेताच येऊ नये. त्याची रीत मी आपल्या हॉस्टेलवर घालून दाखवते. गरम पोळी न मिळालेले सगळे वडापाववर दिवस काढतात. रूम नंबर 7 मधल्या सगळ्या रात्री उशिरापर्यंत जागतात. मेसला उशिरा पोचणाऱ्या कुणालाच गरम पोळी मिळत नाही. रात्री उशिरापर्यंत जागणारे सगळे मेसला उशिरा पोचतात. आता वाचून विचार करायचाच नाही. आधी प्रत्येक गोष्टीला एक अक्षर द्यायचं, मग कोणती गोष्ट दोनदा आलीय ते बघायचं. जागणं दोनदा, उशीर दोनदा, पोळी दोनदा. ती सगळी एकमेकांत कटतात. एकदाच आलेत ते रूम नंबर 7 आणि वडापाव. झालं, तेच उत्तर! (मी रूम नंबर 7 मध्येच राहते.)

या रीतीचा पहिला भाग, म्हणजे प्रश्न सोडवायच्या आधी त्याला ठरलेल्या साच्यात बसवणं, हा मला भेळ पेपरसाठी फार कामाचा वाटला. मी प्रत्येक प्रश्न जसा छापलाय तसाच डोक्यात घोळवत बसायचे. ब्लड रिलेशनचंच बघा. कॉन्व्हेंटमुळे मी इंग्लिशमध्येच विचार करायचे, आणि तिथे सगळे नुसते अंकल! आता वाचतानाच मराठी करते. आईचा भाऊ म्हटलं की मामा, वडिलांची बहीण म्हटलं की आत्या, आणि अर्धं झाड मनातच तयार होतं.

सिलॉजिझममध्ये मात्र एक खोच आहे. सगळे टॉपर चष्मेवाले आहेत, यावरून काही टॉपर चष्मेवाले आहेत असं निघतं का? डिस्क्रीट मॅथ्सप्रमाणे नाही, कारण टॉपर मुळात नसतीलच तर? कॅरॉलच्या मते निघतं, त्याच्याकडे 'सगळे' म्हटलं की निदान एक तरी आहेच. मी पाहिलेल्या रिझनिंगच्या गाइडांतली उत्तरंही कॅरॉलच्याच बाजूने आहेत. सिलॅबसवर विश्वास ठेवून मी प्रॅक्टिसमध्ये असले कितीतरी मार्क घालवले. कॅरॉलचं म्हणणं असं, की लेखकाने आपला नियम आधी सांगावा आणि शेवटपर्यंत पाळावा. आपल्या पेपरात तो सांगायचे कष्ट कुणी घेत नाही, ते सोडा.

वेळेच्या बाबतीत हा माणूस आपल्या अगदी उलटा. 1893 च्या 'पिलो प्रॉब्लेम्स'मध्ये 72 गणितं आहेत, बहुतेक सगळी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या, कागदाशिवाय सोडवलेली. उजेड झाल्यावर आधी उत्तर लिहायचं, मग प्रश्न आणि रीत! झोप न लागणं हा त्याला आजार वाटत नव्हता. लोक उगाच काळजी करतील म्हणून त्याने पुढच्या आवृत्तीत पुस्तकाच्या नावातला निद्रानाशाचा उल्लेखसुद्धा बदलला. त्याला कुणी 40 मिनिटं दिली असती तर त्याचं काय झालं असतं, याचा मी बराच विचार केला. पण 'सिम्बॉलिक लॉजिक'च्या सुरुवातीला त्याने वाचकांना जे सांगितलंय ते आपल्याही उपयोगाचं आहे. एखादा भाग कळला नाही तर पुन्हा वाचा, तिसऱ्यांदा वाचूनही कळला नाही तर डोकं थकलंय असं समजून पुस्तक मिटा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. माझ्याकडे दुसरा दिवस नसतो, म्हणून मी त्याचं असं केलंय: दोनदा वाचून साचा दिसला नाही की प्रश्नावर गोल करायचा आणि पुढे. मागच्या चार मॉक टेस्टमध्ये पेपर शेवटपर्यंत वाचून तरी झाला. त्यातल्या एकीत गोल केलेले प्रश्न सोडवायला 11 मिनिटं उरली होती.

14 जानेवारी 1898 ला, गिल्डफर्डला बहिणींच्या घरी, फ्लूचा न्यूमोनिया होऊन कॅरॉल गेला. 66 वर्षं पूर्ण व्हायला तेरा दिवस कमी होते. 'सिम्बॉलिक लॉजिक'चा दुसरा भाग अर्धाच राहिला. त्याची काही पानं छापखान्यात जुळवून झाली होती, ती नंतर हरवली असंच सगळे धरून चालले. विल्यम बार्टली नावाच्या अभ्यासकाने ती शोधून काढली आणि 1977 मध्ये छापली. तो भाग आपल्या लायब्ररीत नाही, मी सरांकडे मागणी लिहून दिलीय.

माझी पुढची अ‍ॅप्टी 9 तारखेला आहे. त्या आठ जणांना मी सगळ्यात शेवटी बसवणार.