साडेतीन शिलिंगांची छावणी

बालवीर चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा असताना ते वारले आणि मुलांनी भरलेल्या घराचा सारा भार आईवर येऊन पडला. पुढे चार्टरहाउस ह्या नामांकित शाळेत रॉबर्टला शिष्यवृत्ती मिळाली. टॉमस सटन नावाच्या एका धनिकाने १६११ साली केलेल्या दानातून ही शाळा निघाली होती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या दानाचा लाभ ह्या पितृहीन मुलाला झाला. शाळेजवळच्या राईत तो हळूच शिरे, ससे पकडी आणि गुरुजींना धूर दिसू नये अशा बेताने चूल पेटवी. पुस्तकांपेक्षा त्या राईनेच त्याला अधिक शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही.

१८७६ साली बेडन-पॉवेल सैन्यात अधिकारी झाले व प्रथम लखनौला आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग शहराला पडलेल्या वेढ्यात त्यांनी २१७ दिवस ते शहर राखले. ह्या वेढ्यात मुले निरोप पोहोचवीत. विश्वास टाकला तर मुले केवढी जबाबदारी पेलतात, हे त्यांनी तेथे पाहिले.

ह्या अनुभवातून १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर एक छावणी भरली. बेटाच्या मालकाने जागा आनंदाने वापरू दिली. सुमारे वीस मुले आली. त्यांत काही श्रीमंतांच्या शाळांतली होती, तर काही जवळच्या गावांतल्या कामकऱ्यांची. सर्वांना सारखी वर्गणी लावली असती, तर ही दुसरी मुले घरीच राहिली असती. म्हणून बेडन-पॉवेल यांनी श्रीमंत मुलांकडून एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग घेतले आणि इतरांकडून फक्त साडेतीन. मात्र तंबू तेच, जेवण तेच आणि कामेही तीच. कोणी किती दिले, हे भांडी घासताना कसे कळणार? अखेर हिशेब झाला, तेव्हा खर्च सुमारे ५५ पौंड भरला आणि २४ पौंडांहून थोडी अधिक तूट आली. सॅक्सन नोबल ह्या गृहस्थांची दोन मुले छावणीत होती. त्यांनी ती तूट भरून काढली.

पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचे बालवीरांसाठीचे पुस्तक भागाभागांनी निघाले. एका भागाची किंमत चार पेन्स होती. मुलांनी खाऊच्या पैशांतून ते घेतले आणि गावोगावी पथके उभी राहिली.

परंतु लंडनच्या पूर्व भागातील दाट वस्तीत तंबू ठोकावयास जागा कोठली? ही उणीव स्कॉटलंडच्या विल्यम मॅक्लारेन यांच्या मनाला लागली. त्यांनी दिलेल्या ७,००० पौंडांतून १९१९ साली लंडनजवळची गिलवेल पार्क ही ओसाड पडलेली वाडी विकत घेतली गेली. ती साफसूफ करावयास त्याच पूर्व भागातील तरुण बालवीर आले. जमीन इतकी ओली होती, की पहिली रात्र त्यांनी माळ्याच्या खोपटात काढली.

हिंदुस्थानात मात्र आरंभी ह्या चळवळीचे दार भारतीय मुलांना बंद होते. येथे आड आला तो पैसा नव्हे, तर वर्णभेद. म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१७ साली भारतीय मुलांसाठी निराळी संघटना काढली. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये येथे आले, तेव्हा कोठे हे दार किलकिले झाले. त्यांच्या चळवळीतील हा उणेपणा झाकण्यात अर्थ नाही.

१९२९ साली इंग्लंडमध्ये देशोदेशींच्या बालवीरांचा मोठा मेळावा भरला. बेडन-पॉवेल यांना भेट काय द्यावी, ह्याचा आधी गुपचूप तपास करण्यात आला. त्यांना हवी होती फक्त विजारीच्या पट्ट्यांची एक जोडी! बालवीरांनी ती तर दिलीच. शिवाय प्रत्येकी एक पेनी जमवून एक मोटारगाडी आणि तिच्यामागे जोडावयाचे चाकांचे घरही दिले. ह्या वर्गणीत मात्र गरीब आणि श्रीमंत, दोघांचाही वाटा एका पेनीचाच होता.

८ जानेवारी १९४१ रोजी केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेल यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीच्या दगडावर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब कोरलेले आहे. रानात वाट दाखविण्यासाठी बालवीर ज्या खुणा करतात, त्यांपैकी ही शेवटची खूण आहे. मी घरी गेलो, असा तिचा अर्थ.