नांगराच्या कारखान्याचा संपादक : शं. वा. किर्लोस्कर

सुट्टीत मी बेळगावहून घरी बालाघाटला जातो तेव्हा मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरतो. ती गोंदियाला पोहोचवते आणि तेथून बालाघाट जवळच. मिरज सुटल्यावर थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी येते. तीन वर्षे मी हे स्टेशन खिडकीतून नुसते पाहत आलो. गेल्या दिवाळीत मात्र तेथे गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम दारात येऊन उभा राहिलो. त्याचे कारण सांगतो.

बी.कॉम. झाल्यावर जनसंपर्काच्या क्षेत्रात जावे असे माझ्या मनात आहे. घरी हे बोललो तर काका हसले. आमच्या मध्यप्रदेशात जनसंपर्क म्हटले की लोकांना सरकारचे जनसंपर्क खाते आठवते : मंत्र्यांचा दौरा, फोटो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी. काकांचे दुसरे म्हणणे अधिक बोचले. हे काम फाड फाड इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहे, मराठी शाळेत शिकलेल्या पोराचे नाही, असे ते म्हणाले. उत्तर सुचले नाही. परत आल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात शंकरराव किर्लोस्करांविषयी वाचायला मिळाले, आणि काकांना काय उत्तर द्यायचे ते थोडेफार कळले.

शंकरराव म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर, मराठी वाचकांचे 'शंवाकि'. जन्म १८९१ चा. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर त्यांचे काका. लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, तेव्हा आमच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हे घराणे परके वाटू नये. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना, म्हणून यंत्रांकडे वळले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. काकांचे राहिलेले पुतण्याने पुरे केले असे म्हणावे लागेल, कारण शंकरराव चित्रकला शिकायला थेट लाहोरला, पंडित सातवळेकरांकडे गेले. तेव्हा हे गृहस्थ मुळात चित्रकार होते, हे कॉमर्सवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

आता त्या नांगराकडे येऊ. नांगर चांगला होता, पण पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. लोखंड लागले की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आमच्या पुस्तकात मालाची किंमत, वाहतूक, दलाली यांचे सगळे हिशेब असतात; माल उत्तम, किंमत परवडणारी आणि तरी गिऱ्हाईक दुरून जाते, या अवस्थेचा हिशेब कोठे सापडत नाही. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन दिली, आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. माळावरच्या त्या कारखान्यात शंकरराव आले आणि जाहिरातीचे काम पाहू लागले.

१९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि एजंटांना कळावी एवढाच मूळ बेत. अशी पत्रे परदेशात होती. अमेरिकेत डीअर या नांगरवाल्या कंपनीने शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक १८९५ मध्येच सुरू केले होते. पण आपल्याकडे या कामाला धड नावही नव्हते. न्यूयॉर्क विद्यापीठात एडवर्ड बर्नेज यांनी जनसंपर्क हा विषय शिकवायला सुरुवात केली ती १९२३ मध्ये. त्या वेळी 'खबर' तीन वर्षांची झाली होती, आणि तीही मराठीत, एका माळावरून निघणारी. काकांसाठी मी हे वाक्य पाठ करून ठेवले आहे.

शंकररावांच्या ध्यानात आले असावे की नुसत्या नांगराच्या गोष्टी कोणी वर्षभर वाचणार नाही. म्हणून खबरीत उद्योगाचे लेख आले, खटपटीने वर आलेल्या माणसांची चरित्रे आली, घर, आरोग्य, शिक्षण आले. शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे 'टाकांच्या फेकी' या नावाने येत. हळूहळू नांगर न घेणारा माणूसही मासिक घेऊ लागला. १९२९ मध्ये नावातले 'खबर' गेले आणि नुसते 'किर्लोस्कर' उरले. पुढच्या वर्षी स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' निघाले.

येथपर्यंतचे वाचून मला वाटले की ही तर यशस्वी जाहिरातबाजीची गोष्ट झाली. मी अडखळलो तो पुढच्या भागाशी. कंपनीचे मासिक म्हटले की ते सर्वांना गोड लागेल असे असावे, हा साधा व्यवहार. शंकररावांनी तो पाळला नाही. बुवाबाजीवर त्यांनी मासिकातून मोहीमच उघडली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे, पोथीनिष्ठेला झोडपणारे लेख छापले. 'स्त्री'मधून बाईचे शिक्षण, तिचा विवाह, तिचा घरातला हक्क यांवर चर्चा होऊ लागली. नांगराचे गिऱ्हाईक कोण? बहुतेक देवभोळा, जुन्या वळणाचा शेतकरी. त्याच्याच श्रद्धेला हात घालायचा आणि मासिकावर नाव मात्र कारखान्याचे! आजच्या एखाद्या कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने असे केले तर महिनाअखेर तो घरी बसेल.

मला यात एक संगती दिसते, ती माझी आहे, चूक असू शकेल. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणणारा माणूस आणि बुवाच्या अंगाऱ्याने रोग बरा होतो म्हणणारा माणूस एकच. तो पारखून पाहायला शिकला तर नांगरही घेईल आणि बुवालाही सोडील. शिवाय मासिकात जे छापले जाई ते वाडीत काही अंशी चालूही होते : लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. कारखान्यात असे काही नसते तर पुतण्याचे लेख पोकळ ठरले असते.

तरी सगळेच साधले असे म्हणता येणार नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. अठ्ठावीस वर्षे ज्या माळावरून खबर गावोगाव जात होती, त्याच माळावर जमाव चालून आला. जातीचा राग पेटला की चांगले मासिक आड येत नाही, हे मला कबूल करावे लागते. जनसंपर्काच्या पुस्तकांत हे प्रकरण असायला हवे. कारखाना पुन्हा उभा राहिला, मासिकेही चालू राहिली, आणि पुढे मुकुंदराव किर्लोस्करांनी ती सांभाळली. शंकररावांनी काकांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' लिहिले, आणि अखेरीस स्वतःचे 'शंवाकीय'. १९७५ सालच्या पहिल्याच दिवशी ते गेले.

गाडी किर्लोस्करवाडीला फार थांबत नाही. त्या दिवाळीत मी दारात उभा राहून फलक वाचला, पलीकडे पाहिले, तोवर गाडी हललीही. गोंदियापर्यंत वेळ भरपूर होता. वहीत काकांना सांगायचे मुद्दे मांडत गेलो. त्यांतला इंग्रजीचा मुद्दा त्यांनी ऐकून घेतला. कारखाना जळाल्याचे सांगितल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग ते मासिक अजून कोठे वाचायला मिळेल का, असे त्यांनी विचारले.