गोपाळ नीळकंठ दांडेकर

गोपाळ नीळकंठ दांडेकर (८ जुलै १९१६ – १ जून १९९८) हे मराठी कादंबरीकार, ललितलेखक, दुर्गअभ्यासक व छायाचित्रकार होते. वाचकांमध्ये ते गो. नी. दांडेकर किंवा गोनीदा या नावाने, तर निकटवर्तीयांत आप्पा या नावाने ओळखले जात. 'शितू', 'पडघवली', 'कुणा एकाची भ्रमणगाथा', 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत' आणि 'मृण्मयी' या त्यांच्या प्रसिद्ध कादंबऱ्या होत. 'स्मरणगाथा' या आत्मकथनात्मक कादंबरीसाठी त्यांना १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नर्मदा, पवना, पूर्णा, सतलज या नद्या त्यांच्या लेखनात वारंवार येतात. त्यांच्या अनेक कथानकांचा अर्थ या नद्यांच्या आधारानेच उलगडतो.

बालपण आणि गृहत्याग

दांडेकरांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव मेळघाटाचे प्रवेशद्वार मानले जाते. विदर्भातील हा मुलूख, तेथील वऱ्हाडी बोली आणि पूर्णा नदीचे खोरे यांचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला.

त्यांचे शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. सविनय कायदेभंगाच्या चळवळीची हवा देशभर पसरत होती, त्या काळात वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास स्वातंत्र्यलढ्यात भाग घेण्यासाठी त्यांनी घर सोडले. पुढील अनेक वर्षे त्यांनी भटकंतीत काढली. शाळा सुटली, घर तुटले आणि उपजीविकेचे कोणतेही साधन हाती नव्हते. मिळेल ते अन्न व मिळेल तो निवारा यांवर वाढलेल्या या मुलाचे शिक्षण रस्त्यावर, मठांत, धर्मशाळांत आणि सामान्य माणसांच्या ओसरीवर झाले. ज्या घरातून मुलगा नाहीसा होतो, त्या घराला भोगावे लागणारे दुःख आणि निघून गेलेल्या मुलाचे एकाकीपण हा अनुभव पुढे 'स्मरणगाथा'चा मुख्य विषय बनला.

भ्रमंतीची वर्षे

या काळात दांडेकर संत गाडगेमहाराजांच्या सहवासात आले. गाडगेमहाराजांचा स्वच्छतेचा व माणुसकीचा संदेश गावोगावी पोहोचवण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. संतसाहित्य आणि वेदान्त यांचा त्यांनी पारंपरिक पद्धतीने अभ्यास केला. औंध येथे वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याजवळही त्यांनी काही काळ काम केले. काही वर्षे ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते.

याच तरुण वयात त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली. अमरकंटक येथे उगम पावून भडोचजवळ समुद्राला मिळणारी नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर लांब आहे. परिक्रमा करणारा यात्रेकरू नदी नेहमी उजव्या हाताला ठेवून चालतो. तो एका तीराने समुद्रापर्यंत आणि दुसऱ्या तीराने पुन्हा उगमापर्यंत जातो. मुख्य प्रवाह मध्येच ओलांडायचा नाही, असा दंडक आहे. शास्त्रोक्त परिक्रमेचा काळ तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस असा सांगितला जातो. यात्रेकरूने द्रव्यसंचय करू नये व सदावर्त किंवा भिक्षा यांवर निर्वाह करावा, अशीही प्रथा आहे.

लेखक म्हणून स्थिरस्थावर

१९४७ च्या सुमारास दांडेकरांनी केवळ लेखनावर उपजीविका करण्याचा निर्णय घेतला. मराठीत पूर्णवेळ लेखक म्हणून जगणे त्या काळी धाडसाचे होते. अल्प औपचारिक शिक्षण आणि संसाराची जबाबदारी असताना घेतलेला हा निर्णय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे त्यांनी वास्तव्य केले. इंद्रायणी व पवना या नद्यांची खोरी आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले या गावापासून जवळ आहेत. या परिसरातून त्यांना अनेक कथानके व पात्रे मिळाली.

'शितू' (१९५३) या कादंबरीने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. कोकणातील खाडीकाठी घडणारी ही बालविधवेच्या प्रेमाची शोकान्त कथा आहे. १९५५ मध्ये 'पडघवली' प्रसिद्ध झाली. अंबू या स्त्रीच्या निवेदनातून कोकणातील एका गावाची हळूहळू होणारी पडझड तीत सांगितली आहे. 'माचीवरला बुधा' (१९५८) ही मुंबईतील जीवन सोडून राजमाचीवर परतलेल्या वृद्धाची कथा आहे. 'मृण्मयी' (१९७०) मध्ये विदर्भातून कोकणात लग्न होऊन आलेल्या मनूचे जीवन येते.

'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि नर्मदेचे प्रतीक

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी दांडेकरांच्या नर्मदा परिक्रमेच्या अनुभवावर आधारलेली आहे. तीतील निवेदक नर्मदेच्या काठाने चालत राहतो. साहसकथेतील अरण्य, अपरिचित प्रदेश, एकटेपणा आणि पुढील मुक्कामाची अनिश्चितता हे सर्व घटक तीत आहेत. मात्र या प्रवासातून नायकाला धन किंवा राज्य मिळवायचे नाही. आपण कोण आहोत, याचा शोध हेच या भ्रमंतीचे प्रयोजन आहे. शीर्षकातील 'कुणा एकाची' हे शब्दही त्याच अर्थाचे आहेत. परिक्रमेत माणसाचे नाव, घराणे व पूर्वायुष्य मागे पडते आणि तो केवळ एक परिक्रमावासी उरतो.

नर्मदेला लोकपरंपरेत शंकराची कन्या मानतात व मैया म्हणून संबोधतात. तिच्या पात्रातील गोटे बाणलिंग म्हणून पूजले जातात. घर सोडून आलेल्या तरुणाच्या कथेत या मातृरूपाला विशेष महत्त्व येते. मागे राहिलेल्या आईची जागा नदी आणि तिच्या काठावर अन्न देणारी अनोळखी माणसे घेतात. वाटेतील शूलपाणीची झाडी यात्रेकरूंची लूट होण्याबद्दल प्रसिद्ध होती. येथे अंगावरच्या वस्तूही गमवाव्या लागत आणि परंपरेने या लुटीकडेही त्यागाची परीक्षा म्हणून पाहिले. नदी उजव्या हाताला ठेवण्याचा नियम प्रवासाला दिशा देतो, तर ती न ओलांडण्याचा नियम संयम शिकवतो. पलीकडचा तीर दिसत असूनही तेथे पोहोचण्यासाठी समुद्रापर्यंत चालत जावे लागते.

जागतिक साहित्यात नदीवरील साहसकथा म्हणून मार्क ट्वेन यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन' (१८८४) या कादंबरीचा उल्लेख नेहमी होतो. तीतही घरातून पळालेला मुलगा आहे. मिसिसिपी नदीवरील तराफा हा हक आणि गुलामगिरीतून पळालेला जिम यांच्यासाठी मोकळेपणाची जागा ठरतो, तर काठावरच्या गावांत समाजाचे क्रौर्य व ढोंग दिसते. तथापि तोच प्रवाह जिमला दक्षिणेकडे, गुलामगिरीच्या प्रदेशात अधिकाधिक आत घेऊन जातो. 'भ्रमणगाथे'ची रचना याहून भिन्न आहे. येथे नदी वाहन नाही. माणसाला तिच्या काठाने स्वतःच्या पायांनी चालावे लागते. त्यामुळे काठावरचा समाज टाळता येत नाही, किंबहुना त्याच्या दयेवरच प्रवास अवलंबून असतो. मिसिसिपीचा प्रवास घरापासून दूर नेतो. परिक्रमा मात्र माणसाला निघालेल्या ठिकाणी परत आणते. बदल होतो तो चालणाऱ्या माणसात.

इतर कादंबऱ्यांतील नद्या

'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) ही तुंग किल्ल्याच्या हवालदाराच्या वंशातील धोंडीची कथा आहे. किल्ल्याचे राजकीय महत्त्व संपल्यानंतरही घराण्याचा मान जपू पाहणारा हा माणूस पवना नदीच्या खोऱ्यात राहतो. या कादंबरीवर याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण उभे राहिले व खोऱ्यातील गावे आणि शेती पाण्याखाली गेली. आज तुंग व तिकोना या किल्ल्यांच्या पायथ्याशी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. धरणापूर्वीच्या पवन मावळाचे चित्र म्हणूनही या कादंबरीकडे पाहता येते.

'आम्ही भगीरथाचे पुत्र' (१९५९) या कादंबरीचा विषय सतलज नदीवरील भाक्रा-नांगल प्रकल्प हा आहे. पुराणातील भगीरथाने पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा पृथ्वीवर आणली. शीर्षकात धरण बांधणाऱ्या माणसांना त्याचे वारस म्हटले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील राष्ट्रउभारणीचा उत्साह या कल्पनेमागे आहे. भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा काम चालूच होते. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन कादंबऱ्यांत नदीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आढळतात. एकीत नदी माणसाला घडवते, तर दुसरीत माणूस नदीला वळण देतो.

'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीत दांडेकर आपल्या जन्मप्रदेशाकडे वळले. तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठचे ग्रामजीवन त्यांनी वऱ्हाडी बोलीत रेखाटले. नदीला माय आणि काठच्या लोकांना तिची लेकरे मानणारे हे शीर्षक नर्मदेच्या मातृप्रतिमेशी नाते सांगते.

'जैत रे जैत'

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जैत रे जैत' या कादंबरीत नदीऐवजी डोंगर केंद्रस्थानी आहे. नवी मुंबईलगतच्या पनवेल तालुक्यातील कर्नाळा किल्ल्याच्या परिसराशी ही कथा निगडित आहे. ठाकर समाजातील नाग्याला पुण्यवंत व्हायचे असते. राणी माशीच्या दंशाने डोळा गमावल्यावर तो लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांचे पोळे उतरवण्याचा पण करतो. त्याला साथ देणारी चिंधी या संघर्षात प्राण गमावते. जब्बार पटेल यांनी या कादंबरीवर १९७७ मध्ये चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात मोहन आगाशे व स्मिता पाटील यांच्या प्रमुख भूमिका होत्या. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत विशेष गाजले. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ऐतिहासिक व संतचरित्रात्मक लेखन

शिवकालावर दांडेकरांनी 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या कादंबऱ्या लिहिल्या. ज्ञानेश्वरांच्या जीवनावरील 'मोगरा फुलला', तुकारामांवरील 'तुका आकाशाएवढा' आणि समर्थ रामदासांवरील 'दास डोंगरी राहतो' या त्यांच्या संतचरित्रात्मक कादंबऱ्या होत. महाराष्ट्रातील किल्ले त्यांनी पुनःपुन्हा पायी पाहिले, त्यांची छायाचित्रे काढली आणि त्यांवर 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' यांसारखी पुस्तके लिहिली. गडांवर भटकण्याची आवड महाराष्ट्रातील तरुणांमध्ये रुजवण्यात या लेखनाचा मोठा वाटा आहे.

लेखनवैशिष्ट्ये

ज्या प्रदेशाची कथा, त्या प्रदेशाची बोली हे दांडेकरांच्या लेखनाचे ठळक वैशिष्ट्य आहे. कोकणी वळणाची मराठी, मावळी, वऱ्हाडी आणि ठाकरांची बोली त्यांनी आपल्या कादंबऱ्यांत वापरली. त्यांची बहुतेक पात्रे निसर्गाच्या निकट राहणारी, अल्पशिक्षित व स्वाभिमानी आहेत. लेखकाने स्वतः पायी पाहिलेला प्रदेश त्यांच्या वर्णनांमागे असतो.

सन्मान

साहित्य अकादमी पुरस्काराव्यतिरिक्त दांडेकरांना अनेक सन्मान लाभले. १९८१ मध्ये अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शाळा अर्धवट सोडलेल्या या लेखकाला १९९२ मध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली.

निधन आणि वारसा

१ जून १९९८ रोजी दांडेकरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या वीणा देव यांनी कुटुंबीयांसह त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे अनेक प्रयोग केले. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी या त्यांच्या नात होत.

नर्मदेवरील सरदार सरोवर व इतर धरणांमुळे परिक्रमेचा जुना काठ आता बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेला आहे. शूलपाणीच्या झाडीचा मोठा भाग आणि महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील काही आदिवासी गावेही बुडाली, आणि परिक्रमावासींना अनेक ठिकाणी नवे, लांबचे मार्ग धरावे लागले. त्यामुळे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही आज एका तरुणाच्या आत्मशोधाच्या कथेबरोबरच नर्मदेच्या बदललेल्या तीराची आठवण जपणारी कादंबरीही ठरली आहे.