डॉ. प्रफुल्लकुमार सेन : भारतातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणाचे शिल्पकार

भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालयात १७ फेब्रुवारी १९६८ रोजी झाले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने उलटले होते. केईएममधील शस्त्रक्रिया आशियातील पहिली आणि जगातील सहावी ठरली. तिचे नेतृत्व डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केले होते.

डॉ. सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले आणि वैद्यकीय कारकीर्द मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व केईएममध्ये घडली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेत प्रशिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर महापालिकेच्या रुग्णालयातील मर्यादित साधनांनिशी त्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. डॉ. गुरुकुमार परुळकर त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी होते.

सेन यांची दृष्टी प्रयोगशील होती. सर्पाच्या हृदयाचे स्नायू आतील पोकळीतूनच रक्त शोषतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी हृदयाच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे पाडण्याची पद्धत सुचविली आणि १९६५ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सोव्हिएत संघातील व्लादिमीर डेमिखोव यांचे कार्यही त्यांनी जवळून पाहिले होते. श्वानांवरील प्रत्यारोपणाचे प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत १९६८ पूर्वीच सुरू झाले होते.

मानवावरील शस्त्रक्रियेला मात्र दीर्घ यश लाभले नाही. पहिला रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणानंतरचा रुग्ण सुमारे चौदा तास जगला. यानंतर सेन यांनी हा मार्ग थांबविला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नसल्याने धडधडते हृदय काढणेही तेव्हा वादाचा विषय होते. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

नवे हृदय जागेवर शिवणे हा या उपचाराचा केवळ आरंभ होता. शरीर परके हृदय नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते. त्या काळी अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड यांवरच मुख्य भिस्त होती. सायक्लोस्पोरिनचा वापर १९८० च्या दशकात रूढ झाला. मग रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले आणि एक नवे दुखणे समोर आले, ते म्हणजे हाडांचा ठिसूळपणा.

स्टिरॉइड हाड घडविणाऱ्या पेशींना मंदावतात. रक्तातील ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाचे प्रमाण त्यामुळे घटते. याउलट, हाडांची झीज दर्शविणारे सी-टेलोपेप्टाइडसारखे घटक वाढू शकतात. बांधणी कमी आणि मोडतोड अधिक, अशा या काळात पहिल्याच वर्षी पाठीच्या कण्याची घनता ३ ते १० टक्क्यांनी घटल्याचे पूर्वीच्या अभ्यासांत आढळले. त्यातील बहुतेक ऱ्हास पहिल्या सहा महिन्यांत होतो व मणके मोडण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ हृदयविकाराने घरात खिळलेल्या रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच असू शकते. म्हणूनच अशा रुग्णांची अस्थिघनता आधीच मोजणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देणे, गरजेनुसार बिस्फॉस्फोनेट औषधे सुरू करणे आणि स्टिरॉइडची मात्रा शक्य तितकी उतरविणे, ही उपचाराची आवश्यक अंगे मानली जातात. रक्ततपासणीतून हाडांतील फेरबदल लवकर उमगू शकतात. मात्र केवळ तिच्या आधारे अस्थिभंगाचे भाकीत करता येत नाही.

डॉ. सेन यांचे २२ जुलै १९८२ रोजी निधन झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत करून मेंदूमृत्यूला मान्यता दिली. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. ते पाहण्यास सेन हयात नव्हते. परळच्या महापालिका रुग्णालयात तीन तास धडधडलेल्या त्या हृदयाने भारतीय शल्यचिकित्सकांपुढे जो प्रश्न ठेवला, त्याचे उत्तर आज शस्त्रक्रियागृहाइतकेच रक्ताच्या चाचण्यांत आणि हाडांच्या निगेतही शोधले जाते.